वेगवान अग्निबाण आणि त्याचे एरियल

पतंग कितीही उंच गेला तरी त्याचा दोरा आपल्या हातात असतो. दोऱ्याला ओढ लागली की वर वारा आहे हे कळते. दोरा ढिला पडला की पतंग गोता खातो आहे हे वर न बघताही समजते. अग्निबाणाला असा दोरा बांधता येत नाही. तो सुटतो, क्षणात ठिपक्याएवढा होतो आणि पाहता पाहता तो ठिपकाही निळ्या आकाशात विरून जातो. मग वर काय चालले आहे, हे खाली उभ्या असलेल्या माणसाला कळावे कसे?

त्यासाठी अग्निबाणाच्या पोटात एक लहानसे रेडिओ प्रक्षेपक यंत्र बसवतात. उंची किती झाली, वेग किती आहे, हवेचा दाब व तापमान काय, हवाई छत्री उघडली की नाही, ही सारी मापे ते यंत्र क्षणोक्षणी खाली कळवीत राहते. दूर गेलेल्या वस्तूची मापे जवळ बसून घ्यायची, म्हणून या विद्येला ‘दूरमापन’ म्हणतात. यंत्र बोलते खरे. पण त्याचे बोलणे हवेत सोडण्याचे काम एरियल करते. इंग्रजी जाणणारे त्याला अँटेना म्हणतात. वेगाने जाणाऱ्या अग्निबाणावर हे एरियल कुठे व कसे बसवावे, एवढाच आजचा विषय आहे. विषय लहान वाटेल. पण या एका तारेपायी कित्येकांची वर्षभराची मेहनत वाया जाऊ शकते.

येथे आपण सरकारी अग्निबाणांविषयी बोलत नाही, तर हौशी लोकांच्या अग्निबाणांविषयी बोलत आहोत. अमेरिकेत हा छंद फार वाढला आहे. तेथील नेवाडा राज्यात ‘ब्लॅक रॉक’ नावाचे वाळवंट आहे. वाळलेल्या तळ्याची मैलोन्‌मैल सपाट, ओसाड भुई! तेथे १७ मे २००४ रोजी एका हौशी मंडळींच्या पथकाने ‘गो फास्ट’ नावाचा अग्निबाण सोडला आणि तो सुमारे ११६ किलोमीटर उंच गेला. अवकाशाची हद्द १०० किलोमीटरवर मानतात; ती ओलांडणारा हा पहिला हौशी अग्निबाण. पुढे २० ऑक्टोबर २०२४ रोजी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तेथूनच ‘आफ्टरशॉक–२’ सोडला. सुटल्यापासून दोनच सेकंदांत त्याने ध्वनीचा वेग ओलांडला. पुढे त्याचा वेग ध्वनीच्या साडेपाचपटीपर्यंत गेला आणि उंची सुमारे १४३ किलोमीटर झाली. ही मुले कॉलेजात शिकणारी होती, हे लक्षात घ्या.

याच विद्यापीठाच्या मुलांची त्याआधीची एक हकीकत मोठी बोधप्रद आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी ‘ट्रॅव्हलर–३’ सोडला. तो सुरेख वर गेला. पण सुटण्यापूर्वी आतली मापनयंत्रे चालूच झाली नव्हती. त्यामुळे मापे मिळाली नाहीत आणि छत्रीही उघडली नाही. अग्निबाण कदाचित अवकाशापर्यंत पोहोचलाही असेल. पण पुरावा काय? काहीच नाही! पुन्हा सारी तयारी करून २१ एप्रिल २०१९ रोजी त्यांनी न्यू मेक्सिकोतून ‘ट्रॅव्हलर–४’ सोडला. या वेळी मापे हाती आली, आणि उंची सुमारे १०३.६ किलोमीटर असे ठरवता आले. तात्पर्य, ज्या उड्डाणाचे माप नाही, ते उड्डाण झाले की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. आता आतली यंत्रे चालू असून एरियलने दगा दिला, तरी जमिनीवर बसलेल्याला अवस्था तीच. अग्निबाण सापडला तर आत नोंदवून ठेवलेली मापे मिळतात. पण तो सापडावा कसा? छत्रीला लटकून तो वाऱ्याबरोबर कित्येक किलोमीटर दूर वाहत जातो. शेवटचा ठावठिकाणा रेडिओनेच कळवलेला असतो. आणि छत्री उघडली नसेल तर खालच्या माणसांना वेळीच सावध करणे, हेही रेडिओवरच अवलंबून असते.

तर मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की, जे एरियलला हवे असते ते वेगाला खपत नाही.

एरियलची लांबी मनाला येईल तेवढी ठेवून चालत नाही. ती रेडिओ तरंगाच्या लांबीशी जुळावी लागते. तरंगलांबी काढण्याची रीत सोपी आहे: ३०० या आकड्याला मेगॅहर्ट्झमधील कंप्रतेने भागा, उत्तर मीटरमध्ये येते. एफ.एम. रेडिओ १०० मेगॅहर्ट्झच्या आसपास चालतो. म्हणजे तरंगलांबी ३ मीटर. तिचा चौथा भाग पाऊण मीटर. आपल्या रेडिओची ओढून लांब होणारी दांडी मोजून पाहा, ती साधारण याच मापाची असते. हौशी अग्निबाणांत पुष्कळदा ४३३ मेगॅहर्ट्झच्या जवळची कंप्रता वापरतात. तेथे तरंगलांबी ६९ सेंटिमीटर आणि चौथा भाग सुमारे १७ सेंटिमीटर. म्हणजे वीतभरापेक्षा थोडी कमी अशी एक तार हवी, आणि तिच्याजवळ दुसरा धातू नको.

ही तार अग्निबाणाच्या अंगावर बाहेर काढली तर? हिशेब करून पाहू. ध्वनीच्या तिप्पट वेग म्हणजे सेकंदाला साधारण एक किलोमीटर. जमिनीलगतच्या दाट हवेत या वेगाने जाणाऱ्या वस्तूवर हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६ किलो पडतो. दोन मिलिमीटर जाड आणि १७ सेंटिमीटर लांब तारेची समोरची बाजू भरते साडेतीन चौरस सेंटिमीटर. म्हणजे त्या बारीकशा तारेवर वीस किलोचे ओझे! जणू भरल्या घागरी टांगल्या. तार वाकणार, नाही तर तुटणार. आणि तुटण्यापूर्वी ती अग्निबाणाला सरळ मार्गावरून ढकलणार. सावकाश जाणाऱ्या लहान अग्निबाणावर बाहेरची तार चालून जाते. वेगवान बाणाचे अंग मात्र गुळगुळीतच हवे.

बरं, तार बाहेर नको तर आत ठेवू. पण आत ठेवली तर भिंत कशाची आहे हा प्रश्न येतो. ॲल्युमिनियमची असेल तर रेडिओ तरंग बाहेर पडणारच नाहीत. याचा अनुभव घरच्या घरी घेता येतो. चालू ट्रान्झिस्टर पितळी किंवा स्टीलच्या डब्यात ठेवून घट्ट झाकण लावा. स्टेशन मंदावते किंवा पार नाहीसे होते, नुसती खरखर उरते. कार्बन तंतूंचे नळे वजनाला हलके आणि फार बळकट असतात, म्हणून वेगवान अग्निबाणांना ते आवडतात. पण कार्बनमधून वीज वाहते, म्हणून तोही या बाबतीत धातूचाच भाऊ. फायबरग्लास मात्र काचतंतूंचे असते. त्यातून वीज वाहत नाही, आणि रेडिओ तरंग त्यातून उजेड काचेतून जावा तसे निघून जातात. म्हणून बहुतेक लोक अंग कार्बनचे किंवा धातूचे ठेवतात, नाकाची शंकूसारखी टोपी तेवढी फायबरग्लासची करतात, आणि तिच्यात एरियल उभे करतात. त्या टोपीला रुपेरी रंग देण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. त्या रंगात धातूची भुकटी असू शकते.

पण नाकात जागा मिळाली म्हणजे सुख मिळाले असे नाही. सर्वांत जास्त ताप नाकालाच होतो. वेगाने जाणाऱ्या वस्तूच्या पुढ्यातली हवा एकाएकी थांबवली जाते, दाबली जाते आणि तापते. ध्वनीच्या दुप्पट वेगाला, जमिनीवरच्या हवेत, थांबलेल्या हवेचे तापमान २४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. तिप्पट वेगाला ते ५०० अंशांच्या वर जाते. उंचावरची हवा थंड असल्याने तेथे आकडा थोडा उतरतो, तरीही तिप्पट वेगाला तो ३०० च्या वरच राहतो. शिसे ३२७ अंशांवर वितळते, म्हणजे कल्पना येईल. साध्या राळेने बांधलेले फायबरग्लास शंभर-दीडशे अंशांतच मऊ पडू लागते. हा ताप काही सेकंदांचाच असतो म्हणून निभावते. टोकाला धातूची बोंडी बसवतात, बाहेरून उष्णतेपासून राखणारा लेप देतात. आता येथे एक गंमत पाहा. काही लेप जळून कोळसा होतात आणि तो कोळसाच आतल्या भागाचे रक्षण करतो. पण कोळसा म्हणजे पुन्हा कार्बन! जो लेप नाक वाचवतो तोच एरियलचे तोंड बंद करू शकतो. म्हणून एरियलवरचा लेप निवडताना तो जळल्यावर काय होतो, हे आधी पाहावे लागते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. उभ्या तारेतून निघणारे तरंग सगळीकडे सारखे पसरत नाहीत. पाणी आणणाऱ्या बायका डोक्यावर चुंबळ ठेवतात, ती डोळ्यांपुढे आणा. चुंबळीच्या मधल्या भोकात तार उभी आहे असे समजा. तरंगांचा पसारा त्या चुंबळीसारखा असतो: आजूबाजूला भरपूर, पण तारेच्या टोकांच्या सरळ रेषेत, वर आणि खाली, जवळपास काहीच नाही. त्या दिशेला आंधळी दिशा म्हणू. अग्निबाण सरळ उभा वर जात असेल आणि ऐकणारा माणूस बरोबर त्याच्या शेपटीखाली उभा असेल, तर तो नेमका आंधळ्या दिशेत सापडतो! शिवाय शेपटीमागे तापलेल्या वायूचा लोट असतो. घन इंधनात ॲल्युमिनियमची भुकटी असते, लोटातले कण विद्युत्‌भारित होतात, आणि तेही तरंगांना अडथळा करतात. म्हणून ऐकण्याचे ठाणे सुटण्याच्या जागेपासून बाजूला, पुरेसे दूर ठेवतात. बाजूने पाहणाऱ्याला चुंबळीची जाड कडा दिसते.

आंधळी दिशा म्हणजे नुकसान किती? रेडिओ तरंगांची ताकद अंतराच्या वर्गाने घटते. दहापट दूर गेले की ताकद शंभरावा हिस्सा उरते. आंधळ्या दिशेत ताकद सहज शंभरावा हिस्सा होते. म्हणजे ३० किलोमीटरवर असलेला अग्निबाण त्या क्षणी ३०० किलोमीटरवर असल्यासारखा मंद ऐकू येतो. उलट, चांगल्या दिशेत एका वॅटचा दहावा भाग एवढी ताकदही मोकळ्या आकाशात कित्येक किलोमीटरला पुरते. ताकद वाढवीत बसण्यापेक्षा आंधळी दिशा टाळणे शहाणपणाचे, ते यासाठी.

यातून या विद्येचा मुख्य नियम निघतो. वरचे एरियल उदार हवे आणि खालचे एकाग्र हवे. अग्निबाण गिरक्या घेतो, कलतो, छत्रीखाली झोके खातो. त्याचे तोंड कोणत्या क्षणी कोठे असेल हे कोणी सांगावे? म्हणून त्याच्यावरच्या एरियलने थोडे थोडे का होईना, पण सर्व दिशांना द्यावे. एकाच दिशेला जोराने फेकणारे एरियल वर बसवणे म्हणजे वळणावळणाच्या घाटात गाडीचा दिवा एकाच बाजूला बांधून ठेवण्यासारखे आहे. जोर हवा तर तो जमिनीवर मिळवावा, कारण तेथे माणूस आहे आणि तो एरियल वळवू शकतो. पूर्वी घराघरांच्या छपरांवर दूरदर्शनसाठी आडव्या दांड्यांचे एरियल असे. ते जपानच्या उदा आणि यागी या संशोधकांनी १९२६ च्या सुमारास पुढे आणलेले. तसेच एरियल हातात धरून हौशी लोक अग्निबाणाच्या रोखाने फिरवतात. चांगले यागी एरियल आपल्या रोखाने येणारी ताकद दहापट करून देते. शिवाय ऐकण्याची दोन ठाणी वेगवेगळ्या दिशांना ठेवली, तर एक आंधळ्या दिशेत सापडले तरी दुसरे ऐकत राहते.

आणखी एक पेच आहे, ध्रुवणाचा. कुंपणाच्या उभ्या बांबूंमधून काठी पलीकडे न्यायची तर ती उभी धरावी लागते. आडवी धरली तर अडते. उभ्या तारेतून निघालेले तरंग उभ्या तारेलाच नीट पकडता येतात; आडव्या तारेला त्यांचा शंभरावा भागही मिळेलच असे नाही. आता अग्निबाण तर कलंडणार, मग खालचा माणूस काठी किती वेळा फिरवणार? यावर तोड अशी की, खालचे एरियल पिळाच्या ध्रुवणाचे करावे, म्हणजे दोरीच्या पिळासारखे फिरत येणारे तरंग पकडणारे. जॉन क्रॉस या अमेरिकन प्राध्यापकाने १९४६ साली मळसूत्री तारेचे असे एरियल तयार केले. तार उभी असो, आडवी असो वा तिरपी, त्याला निम्मी ताकद मिळतेच. निम्मी नेहमी मिळणे हे कधी पूर्ण आणि कधी शून्य मिळण्यापेक्षा बरे. शेतकरी बंधूंना हे वेगळे सांगायला नको. एका वर्षी महापूर आणि दुसऱ्या वर्षी अवर्षण यापेक्षा दरवर्षीचा बेताचा पाऊस केव्हाही चांगला.

नाकात जागाच नसेल, किंवा सारा अग्निबाण धातूचाच असेल, तर काय? तेथे ‘पट्टा एरियल’ कामी येते. धातूच्या अंगाभोवती विद्युत्‌रोधक पदार्थाचा पातळ थर, आणि त्यावर तांब्याचा पातळ पट्टा, कमरपट्ट्यासारखा गुंडाळलेला. बाहेर काहीच आलेले नसते. हवेला जणू पत्ताच लागत नाही. रॉबर्ट मन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७४ साली या रचनेची पद्धतशीर मांडणी केली. यात खुबी अशी की, पट्ट्याला एकाच ठिकाणी वीज देऊन चालत नाही. देवळापुढच्या दीपमाळेच्या एकाच बाजूला पणती लावली तर दुसरी बाजू अंधारात राहते. सभोवार पणत्या लावल्या तर चारी बाजू उजळतात. तसेच हे. १५ सेंटिमीटर व्यासाच्या अग्निबाणाचा घेर ४७ सेंटिमीटर. २,४०० मेगॅहर्ट्झला तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, आणि रोधक थरात ती आणखी आखूड होते. हिशेबाने घेरात पाच-सहा तरंगलांब्या बसतात. मग एका तारेच्या दोन, दोनाच्या चार, चारांच्या आठ शाखा करून आठ ठिकाणी सारखी वीज पोहोचवतात. काम नाजूक आणि खर्चाचे. म्हणून गरज असेल तेथेच करतात.

एवढे करूनही कित्येकदा एरियल फसते ते घरातल्याच वस्तूंमुळे. नाकात एरियलशेजारी विजेऱ्या असतात, जोडतारा असतात, आणि सारा सांगाडा आवळून धरणाऱ्या लांब पोलादी सळया असतात. सळई एरियलला समांतर आणि अगदी जवळ आली की एरियलचे माप बिघडते. प्रक्षेपकाने दिलेली वीज हवेत न जाता माघारी येते. पाटाचे पाणी पुढे बांध लागल्यावर मागे तुंबावे तशी. म्हणून एरियल टेबलावर एकटे तपासून उपयोग नाही. नाकाची टोपी चढवून, लेप देऊन, विजेऱ्या व छत्री जागच्या जागी ठेवून मगच तपासावे, आणि तार मिलिमीटर-मिलिमीटरने कापून जुळवावी. नंतर मोकळ्या माळावर अग्निबाण न पेटवता न्यावा. एकाने तो आठ दिशांना, उभा, आडवा, तिरपा धरावा; दुसऱ्याने लांबून आवाजाची ताकद लिहून घ्यावी. ज्या दिशेत आकडा एकदम कोसळतो ती आंधळी दिशा. ती जमिनीवर सापडली तर सुधारता येते. आकाशात सापडली तर नाही.

ठावठिकाणा सांगणाऱ्या उपग्रह-यंत्राचीही एक मर्यादा ध्यानात ठेवावी. जी.पी.एस. ची पुष्कळशी यंत्रे सेकंदाला सुमारे ५१५ मीटरच्या पुढे स्थान सांगणेच बंद करतात. शस्त्रास्त्रांसाठी त्यांचा उपयोग होऊ नये म्हणून तशी अट घातलेली असते. तेव्हा चढतीच्या वेगात स्थान मिळाले नाही तर लगेच एरियलला बोल लावू नये. वेग ओसरला की स्थान पुन्हा येऊ लागते. खरी कसोटी उतरताना लागते. माणसाच्या उंचीवरून सपाट भुईवर क्षितिज चार-पाच किलोमीटरवरच असते. अग्निबाण त्याच्या पलीकडे जमिनीला टेकला की आवाज तुटतो. म्हणून टेकण्यापूर्वीचे शेवटचे काही क्षण ऐकणाऱ्याने हात हलू न देता ऐकायचे. तेव्हा मिळालेल्या आकड्यांवरच पुढची पायपीट ठरते.

शिक्षक मित्रांनो, यातले अग्निबाण सोडण्याचे काम शाळेत करू नका. दारूगोळ्याचे कायदे आहेत, परवानग्या लागतात आणि जिवाला धोका आहे. पण एरियलची विद्या निर्धोक आहे, आणि तिला खर्च जवळजवळ नाही. मध्यम लहरींवर चालणारा ट्रान्झिस्टर घ्या. त्याच्या आत काळी दांडी आडवी बसवलेली असते, तेच त्याचे एरियल. दूरचे एखादे मंद स्टेशन लावा आणि रेडिओ सपाट टेबलावर हळूहळू गोल फिरवा. दांडीचे टोक स्टेशनच्या रोखाने आले की आवाज पडेल. आडवी कूस त्या बाजूला झाली की पुन्हा उठेल. मुलांना आठ दिशांची वही करायला सांगा आणि प्रत्येक दिशेला आवाज मोठा, मध्यम की मंद ते लिहून घ्या. त्या आठ नोंदी कागदावर वर्तुळात मांडल्या की चुंबळ मुलांच्या डोळ्यांपुढे आपोआप उभी राहील. आणि दोन वेगवेगळ्या गावांतल्या मुलांनी एकाच स्टेशनची आंधळी दिशा काढून नकाशावर रेघा ओढल्या, तर त्या रेघा जेथे एकमेकींना छेदतील, तेथे स्टेशनचा मनोरा असेल.